उघडता येणारी केबल: माईक आणि मिक्सरच्या वायरी घरी कशा बनवाव्यात

रामबागेतल्या एका घरी गुरुपौर्णिमेची बैठक होती. पंचवीस-तीस माणसं, छोटा मिक्सर, तीन माईक आणि सोबत रेकॉर्डिंग. विलंबित ख्याल जमून आला होता आणि नेमकी तेव्हाच गाणाऱ्या ताईंच्या माईकमधून खरखर सुरू झाली. वायर टोकाशी दाबून धरली की आवाज यायचा, सोडली की जायचा. जादा वायर आणलेली नव्हती. असलेली दुरुस्त करावी तर दोन्ही टोकांच्या पिना रबरात ओतलेल्या. ना स्क्रू, ना झाकण. खोली लहान, त्यामुळे गाणं सगळ्यांना ऐकू गेलं, पण रेकॉर्डिंग हातचं गेलं ते गेलंच. तेव्हापासून माझ्या पिशवीत एकाच जातीची केबल असते: झाकण फिरवून उघडता येईल आणि पाच मिनिटांत परत जोडता येईल अशी. ती बनवायला शिकलो तसं वायरीच्या आत काय चालतं हेही कळत गेलं, आणि इंदुरातल्या बैठका, गणपतीतली भजनं, मुलांची स्नेहसंमेलनं यांत ते दरवेळी कामी आलं.

हा लेख अशाच माणसांसाठी आहे: घरी रियाज रेकॉर्ड करणारे, भजनी मंडळाचा साउंड सांभाळणारे, क्लासमध्ये मिक्सर असणारे. सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलं नसेल तरी चालेल.

आधी वायरीतून काय जातं ते

माईकमधून निघणारा सिग्नल व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो. मोबाईल, कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यातून निघणारा साधारण अर्धा-एक व्होल्टचा. अँप्लिफायरमधून स्पीकरकडे जाणारा मात्र दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहून जास्त, आणि त्यात करंटही भरपूर. या तिघांना तीन वेगळ्या वायरी लागतात. पहिल्या दोघांना बाहेरच्या आवाजापासून, म्हणजे घरातल्या २३० व्होल्ट ५० हर्ट्झच्या विजेपासून, संरक्षण हवं असतं, म्हणून त्यांच्या आतल्या तारांभोवती जाळी असते. स्पीकरच्या वायरीला जाळी लागत नाही, तिला जाड तांबं लागतं. बाहेरून दोन्ही वायरी काळ्या आणि गोल दिसतात, त्यामुळे अदलाबदल सहज होते.

माईकच्या वायरीत दोन तारा एकमेकींना पीळ देऊन घातलेल्या असतात. एकीत सिग्नल सरळ जातो, दुसरीत उलटा. वाटेत विजेची घरघर शिरली तर ती दोन्हींत सारखीच शिरते. मिक्सर एका तारेतून दुसरी वजा करतो. सारखी असलेली घरघर तिथेच कटते आणि उलटसुलट असलेला सिग्नल दुप्पट होऊन उरतो. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. दोन्ही तारांना सारखीच घरघर मिळावी म्हणून पीळ हवा. एक तार आणि एक जाळी एवढंच असेल तर ती अनबॅलन्स्ड. तिथे ही वजाबाकी नाही, सगळी भिस्त जाळीवर. म्हणून ती आखूड ठेवायची.

किती आखूड, याचाही हिशोब आहे. वायरीच्या आतल्या तारांमध्ये थोडी कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून ठेवण्याची क्षमता, असते, बऱ्याच वायरींत मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. माईकचा स्वतःचा रोध २०० ओहम धरला तर ५० मीटर वायरीनंतरसुद्धा कापले जाणारे स्वर दीड लाख हर्ट्झच्या वरचे असतात, आणि माणसाचा कान २० हजारांपलीकडे जात नाही. म्हणजे माईकची वायर लांब असली तरी आवाज बोथट होत नाही. व्हायोलिनला किंवा गिटारला लावलेल्या, बॅटरी नसलेल्या पिकअपचं (वाद्याची कंपनं टिपणाऱ्या तुकड्याचं) तसं नसतं. त्यांचा रोध खूप जास्त, त्यामुळे वायर लांबली की तीव्र स्वरांतली चमक जाते किंवा आवाजच उतरतो. तिथे तीन मीटर ठीक, पाच म्हणजे पुष्कळ झाले.

महाराणी रोडवर काय मागायचं

इंदुरात विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं सामान घ्यायचं तर महाराणी रोड. तिथे दुकानदाराशी बोलताना कॅटलॉगमधली नावं फारशी चालत नाहीत, बाजारातली चालतात. मिक्सरला लागणारी जाड पिन, ६.३५ मिलिमीटरची, तिला ‘पी-३८’ म्हणायचं, मोनो की स्टीरिओ ते सोबत सांगायचं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका ज्या पिना या भोकातून त्या भोकात खोचत असत, त्यांचीच ही वंशज. मोबाईलच्या हेडफोनची ३.५ मिलिमीटरची ती ‘ईपी पिन’. टीव्ही-डीव्हीडीच्या मागची लाल-पांढरी ती ‘आरसीए’. माईकची तीन काड्यांची ती ‘एक्सएलआर’ किंवा जुन्या माणसांच्या तोंडी ‘कॅनन’. लॉस एंजेलिसच्या कॅनन इलेक्ट्रिक कंपनीने ती घडवली, तिचं नाव पिनेला चिकटलं ते आजवर सुटलेलं नाही.

वायर मागताना ‘भैया, माईक वायर दो कोर शील्डेड दिखाना’ एवढं पुरे. पण घेण्याआधी बंडलच्या टोकाचा दोन सेंटिमीटर तुकडा कापून मागा आणि तिथेच सोलून बघा. दुकानदार नाही म्हणत नाहीत. बघायच्या गोष्टी तीन. जाळी किती दाट आहे: बोटाने जरा सारली तर खालची तार उघडी पडते का? पडत असेल तर ती वायर घेऊ नका. आतल्या तारेत बारीक धागे पुष्कळ आहेत की मोजकेच जाड? माईकची वायर रोज गुंडाळली जाते, बारीक धाग्यांची जास्त टिकते. आणि तांबं लखलखीत आहे की काळवंडलेलं? पावसाळ्यात गोदामात पडलेली वायर आतून काळी झालेली असते आणि त्या तांब्यावर सोल्डर बसता बसत नाही. कधी वरवर तांब्यासारखी दिसणारी तार आतून ॲल्युमिनियमची निघते. चाकूने खरवडली की पांढरी दिसते. तीही नको. मात्र कल्हई केलेलं तांबंही वरून पांढरंच असतं, ते चांगलं, त्याच्यात खरवडल्यावर आत लाल दिसतं.

जाळीचे तीन प्रकार मिळतात. विणलेली सर्वांत टिकाऊ. नुसती गुंडाळलेली लवचीक असते आणि सोलायला सोपी, घरच्या कामाला मला तीच आवडते. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची रोखून धरायला उत्तम, पण वारंवार वाकवली की फाटते. ती भिंतीतून कायमची टाकायच्या वायरीसाठी. चार तारांची ‘स्टार क्वाड’ जातीची वायरही मिळते. लाइटच्या डिमरजवळून किंवा मोठ्या ट्रान्सफॉर्मरशेजारून माईकची वायर न्यावी लागत असेल तर तिचा उपयोग खरोखर होतो. एरवी तिची गरज नाही.

ऑक्सिजन-मुक्त तांबं, चांदीचा मुलामा, दिशेचे बाण छापलेल्या वायरी यांवर जादा पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच-दहा मीटरच्या अंतरात कानाला त्यातलं काहीच कळत नाही. तो पैसा पिनांवर घाला. केबल बिघडते ती जवळपास नेहमी टोकाशी, मध्ये नाही. न्यूट्रिकसारख्या कंपन्यांच्या पिना महाग वाटतात, पण त्यांची वायर धरून ठेवणारी पकड मजबूत असते आणि सोल्डरची वाटी (तार जोडायची खोबण) उष्णतेने डळमळत नाही. नकली मालही बाजारात असतो, म्हणून पिन हातात घेऊन झाकणाचे आटे फिरवून बघा. अडखळत असतील तर ठेवून द्या.

हत्यारं

२५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, टोक बारीक चपटं असलेलं. तापमान ठरवता येणारं असेल तर ३५० अंशांच्या आसपास ठेवा. सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७, आत रोझिन (जोड साफ करणारी राळ) भरलेलं, ०.८ मिलिमीटर जाडीचं. बाजारात त्याला ‘रांगा’ म्हणतात. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधली लगदा अवस्था नसते, म्हणून नवख्या हाताला तेच बरं. पत्र्याच्या आणि नळाच्या कामाला वापरतात ती आम्लाची पेस्ट मात्र चुकूनही लावू नका, ती वर्षा-दोन वर्षांत तार खाऊन टाकते.

शिवाय वायर सोलायचं स्ट्रिपर, छोटं कटर, टोकदार पक्कड, मल्टिमीटर, उष्णतेने आवळणारी नळी आणि ओला स्पंज. पिन धरून ठेवायला तिसरा हात लागतो. त्यासाठी मी एका फळीत तीन भोकं पाडून पॅनेलवरचे सॉकेट बसवून घेतले आहेत: एक्सएलआर मादी, एक्सएलआर नर, पी-३८. पिन त्यात खोचायची आणि सोल्डर करायचं. पिन हलत नाही, हे झालंच. पण मोठा फायदा वेगळा आहे. तापल्यावर पिनेतलं प्लॅस्टिक मऊ होऊन काड्या वाकड्या होतात. समोरच्या सॉकेटात अडकलेल्या काड्या जागच्या हलू शकत नाहीत.

सोल्डरमध्ये शिसं असतं. काम चालू असताना खाणं-पिणं नको, झाल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना टेबलापासून दूर ठेवा. खिडकी उघडी असू द्या, पण डोक्यावरचा पंखा बंद. त्याच्या वाऱ्याने जोड अवेळी थंड होतो.

पहिली केबल: माईक ते मिक्सर

पाच मीटर वायर, एक नर एक्सएलआर, एक मादी. सिग्नल ज्या दिशेने जातो तिकडे काड्या तोंड करून असतात, एवढं ध्यानात ठेवलं की कुठलं टोक कुठे हा गोंधळ होत नाही. माईकच्या बुडाशी काड्या असतात, म्हणून माईकच्या बाजूला मादी पिन. मिक्सरच्या बाजूला नर.

सर्वांत पहिलं काम सोल्डरचं नाही. झाकण, रबरी बूट आणि आतली पकड वायरीत ओवून घ्या, दोन्ही टोकांना, योग्य दिशेने. हे विसरून सुंदर सोल्डर केलं की ते सगळं उसवण्याखेरीज इलाज नसतो. मी वायर कापली की लगेच ओवतो आणि कपड्याच्या चिमट्याने अडकवून ठेवतो.

आता बाहेरचं आवरण दोन सेंटिमीटर सोला. स्ट्रिपरने किंवा ब्लेडने गोल हलकी रेघ मारायची, पूर्ण कापायचं नाही. मग वायर रेघेवर वाकवली की आवरण आपोआप तुटतं. पूर्ण कापायला गेलं की जाळीचे धागे तुटतात, आणि तुटलेला एखादा धागा पिनेत शिरून पुढे महिनाभराने शॉर्ट करतो. जाळी उलगडून एका बाजूला घ्या आणि पीळ देऊन तिची एक दोरी करा. आत सुती दोरा किंवा कागद असेल तर मुळाशी कापून टाका. दोन्ही तारांची टोकं चार-पाच मिलिमीटर सोला.

यानंतर टिनिंग, म्हणजे जोडण्याआधी तारेवर आणि वाटीत वेगवेगळं सोल्डर चढवणं. आयर्नचं टोक स्पंजवर पुसून त्याला चिमूटभर सोल्डर लावा. टोक तारेला खालून टेकवा, सोल्डर वरून तारेला लावा. आयर्नला नाही. तार पुरेशी तापली की सोल्डर आपणच धाग्यांमध्ये झिरपतं. तारेचे धागे अजून ओळखू येत असावेत एवढंच सोल्डर हवं, गोळा व्हायला नको. जाळीच्या दोरीलाही तसंच, तिला मात्र जरा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात उष्णता आत जाऊन तारांचं प्लॅस्टिक वितळू शकतं. म्हणून दोरी तारांपासून लांब वाकवून धरा. मग पिनेच्या तिन्ही वाट्या अर्ध्याअर्ध्या भरून घ्या.

जोडणी अशी: १ नंबरला जाळी, २ नंबरला एक तार, ३ नंबरला दुसरी. रंग कुठलाही ठेवा, पण कायम तोच. मी लाल किंवा पांढरी २ ला लावतो. नंबर पिनेच्या प्लॅस्टिकवर अगदी बारीक अक्षरांत कोरलेले असतात. ते प्रत्येक वेळी वाचायचे, जागा पाठ करायची नाही, कारण नर आणि मादी समोरून बघताना डावं-उजवं उलटं असतं. चश्मा असेल तर लावा, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करा.

वाटीला आयर्न टेकवा, आतलं सोल्डर वितळलं की तार आत सोडा, आयर्न काढा आणि तीन-चार सेकंद श्वास रोखल्यासारखी वायर स्थिर धरा. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांची उष्णता पुरते. जोड चकचकीत आणि कडेला वाटीशी सपाट मिसळलेला दिसला की झालं. राखाडी, दाणेदार, वर फुगलेला थेंब दिसला तर तो कच्चा जोड. तार नुसती सोल्डरमध्ये रुतून बसलेली असते, धातूला धातू मिळालेला नसतो. आज वाजेल, कार्यक्रमात दगा देईल. परत तापवून थोडं ताजं सोल्डर द्या, त्यातलं रोझिन ताजं असतं म्हणून जोड सुधारतो. थंड झाल्यावर प्रत्येक तार पक्कडीने हलकेच ओढून बघा.

काही एक्सएलआरमध्ये चौथी पट्टी असते, ती पिनेच्या धातूच्या कवचाला जोडलेली असते. ती रिकामी ठेवा. तिला १ नंबरशी जोडलं आणि दोन वायरींच्या पिना जमिनीवर एकमेकींना किंवा स्टेजच्या लोखंडाला टेकल्या तर विनाकारण अर्थचा वेढा तयार होऊन घरघर येऊ शकते.

आता पकड आत सरकवा आणि झाकण आवळा. पकड बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या तारांवर नाही. वायर ओढली तर ताण आवरणाने सोसायचा, जोडाने नाही. केबलचं आयुष्य इथे ठरतं.

तपासणी

मल्टिमीटर बीपवर ठेवा. १ ते १, २ ते २, ३ ते ३ बीप हवा. १-२, २-३, १-३ यांत बीप नको. हे करताना वायर दोन्ही टोकांशी चहूकडे वाकवत राहा, बीप मध्येच तुटला तर जोड कच्चा. मग मीटर मोठ्यात मोठ्या ओहमच्या रेंजवर नेऊन १-२, २-३ आणि १-३ परत बघा. काहीच दाखवायला नको. लाखांतला आकडा दिसला तर कुठेतरी गळती आहे.

२ आणि ३ एका टोकाला अदलाबदल झाले तर एकट्या माईकवर काहीच कळत नाही, हीच पंचाईत. पण तबल्यावर दोन माईक लावले आणि एकाची वायर अशी उलटी असली, की डग्ग्याचा घुमारा अचानक पोकळ होतो. माणसं इक्वलायझर फिरवत बसतात, माईक बदलतात, तबलजीला विचारतात आज शाई कोरडी आहे का. वायर कुणी बघत नाही. मीटरची ती दोन मिनिटं वाचवू नका.

पहिल्यांदा लावून बघताना साधा डायनॅमिक माईक वापरा आणि मिक्सरचं फँटम, म्हणजे काही माईकांना वायरीतूनच मिळणारी ४८ व्होल्टची वीज, बंद ठेवा.

पी-३८ ची केबल आणि तो काळा थर

कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, व्हायोलिनचा पिकअप यांना मोनो पी-३८ लागते. एक तार टोकाला, जाळी लांब पट्टीला. सोपं दिसतं. पण इन्स्ट्रुमेंटच्या चांगल्या वायरींत आतल्या तारेच्या प्लॅस्टिकवर, जाळीच्या खाली, एक काळा मऊ थर असतो. तो प्लॅस्टिकचा दिसतो, पण विजेला वाट देतो. वायर पायाखाली आली की होणारी खडखड शोषून घेण्यासाठी तो घातलेला असतो. तो सोलून मागे घेतला नाही आणि टोकाच्या तारेला टेकला, तर सिग्नल त्यातून जाळीकडे गळतो. आवाज बारीक येतो, बीप बरोबर लागतात, आणि दोष सापडत नाही. वर सांगितलेली लाखांच्या आकड्याची गळती बहुतेकदा हीच. काळा थर तारेच्या सोललेल्या टोकापासून निदान पाच मिलिमीटर मागे कापा.

जाळीच्या पट्टीला उष्णता जास्त लागते, कारण तो धातूचा मोठा तुकडा असतो. २५ वॅटचं आयर्न कमी पडलं तर ४० वॅटचं घ्या. कमी उष्णतेने बराच वेळ शेकण्यापेक्षा जास्त उष्णतेने झटकन काम उरकणं प्लॅस्टिकला मानवतं. शेवटी पट्टीचे दोन कान आवरणावर पक्कडीने दाबा.

अनबॅलन्स्ड वाद्य दूरच्या मिक्सरच्या एक्सएलआरला न्यायचं असेल तर दोन तारांचीच वायर घ्या. पी-३८ च्या टोकाची तार २ नंबरला, लांब पट्टीची तार ३ नंबरला, जाळी १ नंबरला आणि वाद्याच्या बाजूला पट्टीलाच. घरघर बरीच कमी होते. या वायरीवर फँटम मात्र कधीही सुरू करू नका.

मोबाईलमधून ट्रॅक: गाणारीचा आवाज कुठे गेला?

राजेंद्रनगरच्या एका गणेशोत्सवात मुलींचं नृत्य होतं. ट्रॅक मोबाईलवर. संयोजकांनी ईपीची स्टीरिओ पिन एका टोकाला आणि पी-३८ स्टीरिओ दुसऱ्या टोकाला अशी तयार वायर मिक्सरमध्ये लावली. ढोलकी वाजते, पेटी वाजते, पण गाणं नाही. एक मुलगी धावत आली, ‘काका, गाणारीचा आवाजच येत नाहीये, आम्ही नाचायचं कशावर?’

कारण त्याच वजाबाकीत आहे. मोबाईल डावा आणि उजवा असे दोन वेगळे सिग्नल देतो. मिक्सरची पी-३८ जागा बॅलन्स्ड असते, ती स्टीरिओ पिनेच्या टोकाच्या सिग्नलातून मधल्या कड्याचा वजा करते, म्हणजे डाव्यातून उजवा. गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये बहुधा मधोमध, दोन्हीकडे सारखाच असतो. सारखं ते कटतं. उरतात फक्त कडेची वाद्यं.

यासाठी लागणारी केबल: एक ईपी स्टीरिओ, दोन पी-३८ मोनो, आणि एक तार-एक जाळीच्या दोन आखूड वायरी. ईपीचं टोक डावीकडे, मधलं कडं उजवीकडे, मागची पट्टी दोन्ही जाळ्यांना मिळून. पी-३८ दोन्ही मोनोच घ्यायच्या आणि मिक्सरच्या दोन चॅनेलमध्ये लावायच्या. ईपी पिनेच्या पट्ट्या अगदी चिमुकल्या असतात आणि झाकणाचं भोक अरुंद, म्हणून बारीक वायर घ्या आणि प्रत्येक जोडावर आवळणारी नळी चढवा. ही केबल शिकाऊ हाताने पहिली बनवू नये. तीन-चार एक्सएलआर झाल्यावर करा.

मिक्सरला एकच चॅनेल मोकळं असेल तर डावा-उजवा थेट एकत्र जोडू नका, त्याने मोबाईलचे दोन आउटपुट एकमेकांवर भिडतात. दोन्हींच्या वाटेत एकेक हजार ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्यांच्या पुढे एकत्र करा. दोन्ही रेझिस्टर पी-३८ च्या झाकणात मावतात.

घरघर आली तर

लॅपटॉप मिक्सरला जोडला आणि जाड घरघर सुरू झाली, तर आधी त्याचा चार्जर काढा. घरघर थांबली म्हणजे वायरीत दोष नाही. लॅपटॉप आणि मिक्सर दोघांनाही भिंतीतून अर्थ मिळतो आहे आणि तिसरी वाट ऑडिओच्या जाळीतून जुळून वेढा तयार झाला आहे. दोन्हींचे प्लग एकाच बोर्डावर लावून बघा. तरीही राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घाला, म्हणजे दोन्ही बाजू तारेने न जुळता सिग्नल पुढे जातो. बॅलन्स्ड लाइनच्या वायरीत एका टोकाची जाळी सोडवून ठेवणं हाही रास्त उपाय आहे. अशी वायर बनवली तर तिच्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवा, कारण ती फँटमच्या माईकला चालणार नाही.

प्लगची अर्थची जाड पिन कापणं किंवा अर्थची तार सोडवणं हा उपाय मात्र कुणीही सुचवला तरी करू नका. घरघर जाते, आणि एखाद्या दिवशी ॲम्प्लिफायरच्या आत वायर सुटली की माईकच्या जाळीपर्यंत वीज येते. त्या माईकला गाणारा ओठ लावून उभा असतो.

स्पीकरची वायर

ही सोपी आहे. दोन जाड तारा, जाळी नाही. दहा मीटरपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर चालते: जाण्या-येण्याच्या वीस मीटरचा रोध सुमारे ०.२३ ओहम, आणि स्पीकरला मिळणारी पॉवर पाच-सहा टक्क्यांनी कमी. त्याच जागी माईकची ०.२२ चौरस मिलिमीटरची वायर लावली तर रोध दीड ओहमच्या पुढे जातो, स्पीकरला मिळणारी पॉवर जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते आणि वायर तापते. पिना स्पीकॉनच्या, म्हणजे स्पीकरसाठीच्या फिरवून अडकणाऱ्या, घ्या, १+ आणि १− वर जोडा, त्यात सोल्डरही लागत नाही, स्क्रू आवळायचे. दोन्ही स्पीकरांना प्लस-मायनस एकसारखं हवं, नाहीतर खर्जाचा आवाज मधोमध विरून जातो.

अजूनही कित्येक ठिकाणी स्पीकरच्या वायरीला घरातला दोन पिनांचा विजेचा प्लग लावलेला दिसतो, कारण तो स्वस्त आणि हाताशी असतो. मांडवाच्या गडबडीत कुणीतरी तो थेट भिंतीत खोचतो. २३० व्होल्ट मग स्पीकरमध्ये. असा प्लग दिसला तर त्याच दिवशी कापून काढा.

ठेवणं

प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना नंबर आणि लांबी लिहिलेली चिठ्ठी लावा आणि वरून पारदर्शक आवळणारी नळी चढवा. गुंडाळताना कोपराभोवती घेऊ नका, त्याने आतल्या तारांना पीळ बसतो. एक वेढा सरळ, दुसरा मनगट उलटं वळवून आतून, असं आलटून पालटून घ्या. सोडताना टोक धरून फेकली की केबल गाठ न पडता सरळ उलगडते.

श्रावण लागला की मी सगळ्या केबली टेबलावर काढतो, एकेकीचं झाकण फिरवून आत बघतो आणि मीटर लावतो. दरवर्षी दोन-तीन तरी निघतात, कुठे जाळीचा धागा सुटलेला, कुठे पकड सैल. आयर्न तापलेलंच असतं. गणपती बसायच्या आत त्या परत पिशवीत जातात.